कोरडा सह्याद्री, ओला सह्याद्री : जुन्नर-आंबेगाव आणि हौशी कॅमेरा

१

मराठी वाचकाच्या मनातला सह्याद्री बहुतेक वेळा ओला असतो. धुक्यात अर्धा बुडालेला कडा, कातळावरून सुटलेले पाणी, भातखाचरांची हिरवी उतरंड, श्रावणातले लपंडावी ऊन. कविता, ललित निबंध आणि शालेय पाठ्यपुस्तके यांनी मिळून हे चित्र घडवले आहे. गोविंदाग्रजांच्या महाराष्ट्रगीतात दगडाचाही गौरव आहे हे खरे. परंतु निसर्गवर्णन म्हटले की आपली लेखणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांकडेच वळते. याउलट एकोणिसाव्या शतकात पश्चिम भारतात घेतलेली डोंगरदऱ्यांची छायाचित्रे समोर ठेवली, तर तिथला सह्याद्री सहसा कोरडा दिसतो. गवत वाळलेले, झाडे काळपट आणि आकाश एकजात पांढरे. ढग नाही, धुके नाही, पाण्याचा मागमूस नाही.

एकाच डोंगररांगेची ही दोन रूपे इतकी वेगळी का, हा प्रश्न आम्हाला जुन्नर-आंबेगाव परिसराच्या निमित्ताने पडला. नाणेघाट, जीवधन, चावंड, शिवनेरी, लेण्याद्री, आहुपे, भीमाशंकर ही नावे आज हौशी छायाचित्रकारांच्या तोंडी असतात. हा प्रदेश छायाचित्रांत कसा आला, कोणत्या ऋतूत आला आणि कोणत्या ऋतूत आलाच नाही, याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. निसर्गाचे कोणते रूप ‘सुंदर’ ठरावे, हे पाहणाऱ्याच्या अभिरुचीइतकेच त्याच्या हातातल्या साधनानेही ठरवले आहे. आणि साधनाची अडचण दूर झाल्यावरही अभिरुचीची सवय सहजी सुटत नाही.

२

आरंभ ‘हौशी’ या शब्दापासून करावा लागेल. मराठीत या शब्दाला किंचित उणेपणा चिकटला आहे. जत्रेतले हौशे, नवशे आणि गवशे आपल्या परिचयाचे आहेत. परंतु छायाचित्रणाचा हिंदुस्थानातला पहिला पर्व हौशी मंडळींनीच उभा केला आणि त्या काळी हे बिरुद मानाने मिरवले जात असे. १८५४ साली मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील अशा संस्था त्यानंतर दोन वर्षांनी, १८५६ मध्ये निघाल्या. मुंबईच्या संस्थेत लष्करी अधिकारी, डॉक्टर, मुलकी नोकर यांचा भरणा होता आणि तिच्या कार्यकारी मंडळावर डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे एतद्देशीय विद्वानही होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे काढत आणि १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेही या मंडळावर होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. म्हणजे ज्या पिढीने मराठीत ज्ञानप्रसाराची नियतकालिके काढली, त्याच पिढीच्या हाती हे यंत्र आले होते.

विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात मुंबईहून एक छायाचित्रमाला प्रसिद्ध केली. तिचे नाव होते ‘द इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’. नावातच हौशीपण आहे. पुढे याच जॉन्सनने ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स’ हा मुंबईतील रहिवाशांच्या छायाचित्रांचा दोन खंडांचा ग्रंथ १८६३ आणि १८६६ मध्ये काढला. त्यातली एक युक्ती आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. या ग्रंथातल्या माणसांची चित्रे वेगळी काढलेली असत आणि त्यांच्यामागचा देखावा वेगळा टिपलेला असे. नंतर दोन्ही जोडून एक चित्र केले जाई. माणसे त्या जागी कधी उभीच नव्हती. निसर्ग हा पडदा आणि माणूस हा नमुना, अशी ही वाटणी होती. कॅमेरा सत्यच सांगतो असे मानले जाण्याच्या काळात केलेले हे पहिल्या प्रतीचे नेपथ्य होय.

३

बाहेर उघड्यावर छायाचित्र काढणे म्हणजे त्या वेळी काय दिव्य होते, याची आज कल्पना करणे अवघड आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने १८५१ मध्ये ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, थर ओला असतानाच ती कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या राहुटीत जाऊन ते धुवायचे. हे सगळे काही मिनिटांत उरकावे लागे. दख्खनच्या उन्हात थर आणखी लवकर सुके. धूळ बसे, रसायने तापत, आणि धुण्यासाठी स्वच्छ पाणी तर भरपूर लागे. म्हणजे छायाचित्रकाराबरोबर काचा, बाटल्या, राहुटी, पाण्याचे बुधले आणि ते वाहणारी माणसे असा तांडाच निघे. बँकेतली नोकरी सोडून १८६३ साली हिंदुस्थानात आलेल्या सॅम्युएल बोर्नने हिमालयात मोहिमा काढल्या, तेव्हा त्याच्या दिमतीला डझनांनी हमाल होते. या हमालांची पाठ हाही छायाचित्रणाच्या तंत्राचा भाग होता, पण चित्राखाली नाव एकट्या बोर्नचे आहे.

म्हणून पुष्कळ हौशी मंडळी कागदी निगेटिव्ह पसंत करत. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने मेण दिलेल्या कागदाची पद्धत काढली होती. तिच्यात कागद आधी तयार करून ठेवता येत आणि चित्र घेतल्यावर सावकाश धुता येत. उष्ण प्रदेशात हे सोयीचे होते. मात्र कागदावर एक्स्पोजर मिनिटांच्या हिशेबात द्यावे लागे. तेवढ्या वेळात वाऱ्याने पाने हलत, गुरे सरकत, माणसे चालत जात. आणि जे हलते ते पुसट होई किंवा अजिबात उमटत नसे. त्या चित्रांतले निर्मनुष्य रस्ते नेहमीच निर्मनुष्य होते असे मानू नये. तिथून जो चालत गेला तो कागदावर राहिला नाही. जो राहिला तो बसवलेला होता. लेण्याच्या खांबाशी कुणी एक स्थानिक माणूस बसवलेला दिसतो, तो त्या खांबाची उंची कळावी म्हणून. तो मोजपट्टीचे काम करतो.

आता आकाशाकडे येऊ. त्या काळची रसायने निळ्या प्रकाशाला फार उतावीळ आणि हिरव्या-तांबड्याला जवळजवळ आंधळी होती. डोंगर आणि झाडी नीट उमटावी इतका वेळ दिला की निळे आकाश जळून कोरे पांढरे होई. आकाशासाठी वेळ कमी केला की डोंगर काळा ठिक्कर पडे. ल ग्रेने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची चित्रे काढताना यावर तोड काढली. काही चित्रांत त्याने पाण्याची निगेटिव्ह वेगळी आणि ढगांची वेगळी घेऊन दोन्ही एका कागदावर छापल्या. म्हणजे निसर्गचित्रातला सर्वांत गाजलेला ‘खरा’ ढग हाही कधीकधी दुसऱ्याच वेळचा असे.

सह्याद्रीच्या बाबतीत या अडचणीचा परिणाम खोल झाला. इथला पावसाळा म्हणजे मुख्यतः आकाशाचे नाट्य. ढग कड्यावर येतात, उतरतात, दरीतून वर चढतात. ज्या साधनाला आकाशच दिसत नाही त्याला हे नाट्य कुठून दिसणार? शिवाय दमट हवेत कागद बुरसटत, थर नीट बसत नसत, ओढे ओलांडून काचा नेता येत नसत. साहजिकच बाहेरच्या छायाचित्रणाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी असा ठरून गेला. सरकारी अधिकाऱ्यांच्या फिरतीचे दिवसही हेच. कोरडा सह्याद्री हा अशा रीतीने रसायनांनी आणि कचेरीच्या वेळापत्रकाने मिळून निर्माण केला.

४

या हंगामातही जुन्नरच्या वाट्याला काय आले? आली ती लेणी. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास कोरीव कामे आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी हे त्यांचे मुख्य गट. ईस्ट इंडिया कंपनीने १८५० च्या दशकात प्राचीन वास्तूंच्या नोंदीसाठी चित्रकारांऐवजी छायाचित्रकार नेमण्याचे धोरण स्वीकारले. मुंबई इलाख्यात १८५५ साली हे काम कॅप्टन थॉमस बिग्ज यांच्याकडे आणि त्यांच्यानंतर डॉ. विल्यम पिगू यांच्याकडे आले. एक तोफखान्यातला, दुसरा वैद्यकीय खात्यातला. दोघेही मुळात हौशीच. त्यांचा ओढा विजापूर, बदामी, ऐहोळे आणि धारवाडकडे राहिला. जेम्स बर्जेस यांच्या हाताखाली १८७४ मध्ये पश्चिम भारताचे पुरातत्त्व सर्वेक्षण सुरू झाल्यावर जुन्नरच्या लेण्यांचा पद्धतशीर अभ्यास झाला आणि फर्ग्युसन व बर्जेस यांच्या १८८० च्या ‘द केव्ह टेंपल्स ऑफ इंडिया’ या ग्रंथात जुन्नरला स्वतंत्र स्थान मिळाले.

लेण्यांसाठी हिवाळा खरोखरच योग्य ऋतू होता, हेही नमूद केले पाहिजे. लेण्याद्रीची लेणी दक्षिणाभिमुख आहेत आणि डोंगराच्या पोटात एका ओळीने खोदलेली आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे त्याचे किरण खांबांच्या आत पोहोचतात. गवत वाळल्यामुळे कातळाचे आडवे थर उघडे पडतात. लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या या थरांतूनच सह्याद्री घडला आहे आणि कोणत्या थरात छिन्नी चालवायची हे खोदणाऱ्यांना ठाऊक होते. पावसाळ्यातल्या हिरवाईखाली ही घडण झाकली जाते. कोरडे छायाचित्र नीरस असले तरी भूशास्त्राचा आणि शिल्पशास्त्राचा पाठ तेच देते.

पण दृश्य म्हणून जुन्नरचा डोंगर कॅमेऱ्याला फारसा मोहवू शकला नाही. याचे एक कारण आमच्या मते रेल्वे हे आहे. पुण्याकडे लोहमार्ग गेला तो बोरघाटातून. या घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पुरे झाले. मधल्या काळात, १८५९ साली, कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट पुढे चालवले. बांधकामाच्या छायाचित्रांचे अल्बम तिच्या नावावर आहेत. पूल, बोगदे, उघडे पडलेले कडे आणि त्यांच्यापुढे ठिपक्यांएवढी माणसे. सह्याद्रीचा कडा उघड्यावर टिपण्याचा हा एक महत्त्वाचा आरंभीचा प्रयत्न होय आणि तो करणारी स्त्री छायाचित्रणात व्यावसायिक नव्हती. बोरघाट असा चित्रांत आला. नाणेघाटातून मात्र सातवाहनांच्या काळी कोकण आणि घाटमाथा यांच्यामधला व्यापार चालत असला, तरी एकोणिसाव्या शतकात तिथून लोहमार्ग जाणार नव्हता. नव्या वाटेने कॅमेरा गेला, जुन्या वाटेवर अभ्यासक तेवढे गेले.

अभ्यासकांनाही तिथे कॅमेऱ्यापेक्षा कागदी ठसा अधिक उपयोगी होता. नाणेघाटाच्या गुहेतला नागनिकेचा लेख वाचायचा तर ओला कागद दगडावर दाबून घेतलेली छाप विश्वासार्ह. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखांच्या वाचनात मोलाची भर घातली. छायाचित्रात अक्षर स्पष्ट व्हावे तर तिरपा प्रकाश हवा आणि अंधाऱ्या गुहेत तो मागणीप्रमाणे मिळत नाही. त्या गुहेतल्या राजपुरुषांच्या मूर्ती नष्ट झाल्या आहेत. वरची नावे आणि खाली पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. नाव आहे आणि चेहरा नाही, अशी ही चित्रशाळा आहे. गुहेबाहेरच्या दरीचे नेमके उलटे झाले. तिला रूप आहे, पण त्या काळच्या संग्रहांत ते जवळजवळ नाही. पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८५ मध्ये निघाले. त्यात जुन्नरचे डोंगर, घाटवाटा आणि नद्यांची खोरी शब्दांत तपशिलाने येतात. मीननेर, कुकडनेर, घोडनेर, भीमनेर ही खोऱ्यांची सुंदर नावे लेखणीने जपली. कॅमेरा तिथे पोहोचायचा होता.

५

कॅमेऱ्याच्या आधी डोळा आणि शब्द काय करू शकतात, याचे एक अपूर्व उदाहरण याच प्रदेशात सापडते. विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी १८२४ पासून मुंबई सरकारचा सांख्यिकी वार्ताहर म्हणून दख्खनमध्ये हिंडत होता. प्राणी, पक्षी, पिके, हवामान, लेणी असे काहीही त्याच्या नजरेतून सुटले नाही. जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख विद्वानांपुढे आणणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो आहे. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा प्रबंध १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. त्यात त्याने हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून पाहिलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन केले आहे. हा गड जुन्नर तालुक्याच्या उत्तर सीमेला लागून आहे आणि आजही पुष्कळजण जुन्नरमधल्या खिरेश्वराहूनच तो चढतात.

आजचे भटके या दृश्याला ‘इंद्रवज्र’ म्हणतात. कोकणातून धुक्याचा लोट कड्याच्या पायथ्याशी उभा राहावा, पाहणाऱ्याच्या पाठीशी सूर्य कललेला असावा, म्हणजे समोरच्या धुक्यात पूर्ण वर्तुळ उमटते आणि त्याच्या मध्यभागी पाहणाऱ्याची सावली पडते. हा कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळचे ऊन त्याला साधते. साइक्सने स्वतःची आणि सोबत्यांची सावली त्या वर्तुळात पाहिली. तेव्हा छायाचित्रण जगापुढे यायला अजून अवकाश होता. ते आल्यानंतरही कित्येक दशके हे दृश्य त्याच्या आवाक्याबाहेर राहिले असते, कारण त्याला लागणाऱ्या सगळ्याच गोष्टी जुन्या तंत्राला वर्ज्य होत्या. धुके, चंचलता आणि रंग.

या दृश्यात प्रकाशशास्त्राचा एक मार्मिक नियम आहे. शेजारी उभ्या असलेल्या दोघांना एकच वर्तुळ दिसत नाही. प्रत्येकाचे वर्तुळ त्याच्या स्वतःच्या डोक्याच्या सावलीभोवती असते. निसर्गदृश्यात पाहणारा किती सामावलेला असतो, याची याहून नेमकी खूण आम्हाला सुचत नाही.

६

साधनाची अडचण टप्प्याटप्प्याने दूर झाली. १८८० च्या सुमारास जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात आल्या आणि अंधारी राहुटी गेली. १८८८ मध्ये कोडॅकने रोल फिल्मचा कॅमेरा काढला आणि रसायनांशी झुंजण्याची गरज संपली. विसाव्या शतकाच्या आरंभी सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा मिळू लागल्या, तेव्हा आकाश परत आले. पिवळा किंवा तांबडा फिल्टर लावला की निळा रंग गडद होतो आणि त्यावर ढग उठून दिसतात. ॲन्सेल ॲडम्सने १९२७ मध्ये योसेमिटीच्या हाफ डोम कड्याचे चित्र तांबडा फिल्टर लावून घेतले आणि दिवसाढवळ्याचे आकाश जवळजवळ काळे केले. जे डोळ्याला दिसले ते टिपण्यापेक्षा जे मनात उमटले ते टिपायचे, ही भूमिका त्यातून पुढे आली. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ती अपरिचित वाटू नये. वास्तव आणि प्रतीती यांचा जो वाद आपण कथेच्या संदर्भात शिकवतो, तोच इथे काचेच्या एका रंगीत तुकड्यावर येऊन ठेपतो.

महाराष्ट्रात हा हौशी कॅमेरा गडवाटांवर गेला. गो. नी. दांडेकर (१९१६-१९९८) हे याचे सर्वांत ठळक नाव. ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहिणाऱ्या या लेखकाने आयुष्यभर गड पालथे घातले आणि त्यांची छायाचित्रेही काढली. ती पुढे ‘गोनीदांची दुर्गचित्रे’ या नावाने ग्रंथरूपात आली. चित्रकलेचा किंवा प्रयोगशाळेचा वारसा त्यांना नव्हता, पायांचा होता. एकच गड वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा पुन्हा पाहणे ही त्यांची रीत. छायाचित्रणाच्या भाषेत यालाच प्रयोग म्हणतात. एकच स्थळ, बदलता प्रकाश. हौशी माणसाला व्यावसायिकापेक्षा जी एकमेव गोष्ट अधिक लाभलेली असते ती म्हणजे पुन्हा येण्याची मुभा. गिऱ्हाइकाला चित्र अमुक तारखेला द्यायचे नसल्याने तो ढगासाठी थांबू शकतो, रिकाम्या हाताने परतू शकतो आणि पुढल्या वर्षी पुन्हा त्याच दगडावर येऊन बसू शकतो.

७

त्यानंतर डिजिटल कॅमेरा आला आणि मागोमाग मोबाइल. आता पावसातही चित्र निघते, धुक्यातही निघते, रात्री ताऱ्यांच्या वाटा टिपता येतात. चित्र बिघडले तर खर्च शून्य. ज्या पावसाळ्याला एकोणिसाव्या शतकाचा कॅमेरा मुकला होता तो आता मनमुराद मिळू लागला. आणि काय झाले? तराजू पूर्णपणे दुसरीकडे झुकला. आज नाणेघाटाची छायाचित्रे शोधली तर वाऱ्याने उलटे उडणारे पाणी, हिरवा जीवधन आणि ढगांतून डोकावणारा वानरलिंगीचा सुळका यांचीच रास पुढे येते. आमच्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलमधला जुन्नर-आंबेगावचा संग्रह आम्ही मागवून पाहिला, तर त्यातही ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांचा डोंगर क्वचितच आढळला. राज्य सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. तिथल्या पर्यटनाची जी प्रतिमा सर्वत्र फिरते ती मुख्यतः याच चार महिन्यांची आहे.

पहिला कोरडा सह्याद्री साधनाच्या मर्यादेतून आला होता. दुसरा ओला सह्याद्री तशा कोणत्याही सक्तीविना आला आहे, म्हणून त्याची चिकित्सा अधिक आवश्यक वाटते. आपल्या निसर्गकवितेने घडवलेली अभिरुची इथे कॅमेऱ्याने उचलली, असे आम्हाला म्हणावेसे वाटते. शब्दांत जे सुंदर म्हणून आधीच मान्य झाले होते त्याचेच चित्र काढले गेले.

यात गमावले काय? पश्चिम जुन्नर आणि आंबेगावातल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांचे वर्ष पावसाळ्याने संपत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडांखाली बाळहिरडा वेचला जातो, अंगणांत वाळवला जातो आणि त्यावर अनेक घरांचा वर्षाचा रोख पैसा अवलंबून असतो. मेमध्ये भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, तेव्हा तपकिरी उतारावर काळे चौकोन उमटतात. कृष्णधवल छायाचित्राला याहून जोमदार आकृती कुठे मिळणार? धरणे जवळ असूनही डोक्यावर हंडे घेऊन चढणाऱ्या बायांच्या पायवाटा याच दिवसांत स्पष्ट होतात. घोड नदीवरच्या डिंभे धरणाने जुने आंबेगाव पाण्याखाली गेले. तालुक्याला त्या गावाचे नाव राहिले आणि कारभार घोडेगावाहून चालतो. पावसाळ्यात तो जलाशय काठोकाठ भरून आरशासारखा दिसतो आणि त्याची चित्रे भरपूर निघतात. पाणी ओसरते तेव्हा जुन्या बांधकामांचे अवशेष वर येतात. गाव होते याचा पुरावा कोरड्या ऋतूकडे आहे.

याच जलाशयाच्या परिसरात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी संततधार पावसात माळीणवरचा डोंगर खचला आणि गावाचा बहुतेक भाग मातीखाली गेला. १५१ माणसे मरण पावली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा ही बातमी बाहेर कळली. पुढे आमडे येथे नवे गाव वसवले गेले. त्या दिवसानंतर जी छायाचित्रे जगभर गेली, त्यांत हिरव्या डोंगराच्या कुशीत एक लांबच लांब तांबूस ओरखडा होता. त्याच्या दोन्ही बाजूंची हिरवळ मात्र एरवीच्या कोणत्याही पावसाळी चित्रात शोभून दिसेल अशीच होती. हिरवा उतार म्हणजे समृद्धी आणि शांती, हा आपला संकेत त्या चित्रासमोर टिकत नाही. त्या उतारावर पाणी कसे मुरते, माती किती सैल आहे, कुठे सपाटीकरण झाले आहे, कुठे भेग आहे, हे वाचायचे तर तो उतार उघडा असताना पाहिला पाहिजे. आदल्या उन्हाळ्यांतली, वर्षामागून वर्षाची, त्याच जागेवरून घेतलेली छायाचित्रे असती तर दुर्घटना टळली असती, असा दावा आम्ही करत नाही. पण डोंगर बदलत असल्याची नोंद तरी राहिली असती, आणि गाव कसे होते हे वाचलेल्यांना पाहता आले असते.

८

म्हणून हौशी छायाचित्रकाराकडे आमचे मागणे साधे आहे. भूशास्त्रज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ एक पद्धत वापरतात. जुन्या छायाचित्राची नेमकी जागा शोधायची, तिथेच उभे राहायचे, त्याच दिशेने, शक्य तर त्याच महिन्यात नवे छायाचित्र घ्यायचे आणि दोन्ही शेजारी ठेवायची. यासाठी महागडे साधन लागत नाही. चिकाटी आणि वही लागते. बर्जेसच्या काळातल्या लेण्यांच्या चित्रांपासून याची सुरुवात जुन्नरला सहज करता येईल. जिथे जुने चित्र नाही तिथे आजचे चित्र हेच पुढच्या माणसासाठी जुने चित्र ठरेल. आहुप्याच्या कड्यावरून, शिवनेरीच्या तटावरून, डिंभ्याच्या काठावरून वर्षाचे बारा महिने बारा चित्रे घ्यावीत. वैशाखातले चित्र श्रावणातल्या चित्राइतक्याच आदराने घ्यावे.

दुसरे मागणे चित्राखालच्या ओळीबद्दल आहे आणि ते आम्ही भाषेचे शिक्षक म्हणून करतो. ‘सह्याद्रीतील एक पहाट’ अशी ओळ कोणत्याही डोंगराला चालते. तिच्याऐवजी वाडीचे नाव, ओढ्याचे नाव, शेताचे स्थानिक नाव, तारीख आणि वेळ लिहावी. ही नावे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारल्याशिवाय मिळत नाहीत. ती विचारायला थांबले की खांबाशी मोजपट्टी म्हणून बसवलेल्या त्या अनामिकाचे नावही कधीतरी विचारले गेले असते, याची जाणीव होते. जॉन्सनच्या ग्रंथात माणूस आणि देखावा वेगळे काढून चिकटवले होते. आजच्या पावसाळी चित्रांतही बहुधा देखावा असतो आणि तिथला माणूस चौकटीबाहेर असतो. आत असतो तो बाहेरून आलेला, कड्याकडे पाठ करून उभा.

मराठीच्या अभ्यासक्रमात प्रवासवर्णन आणि ललित गद्य शिकवताना निसर्गवर्णनाचे उतारे आपण काढून देतो. त्यांच्यासोबत त्याच स्थळाची दोन छायाचित्रे, एक चैत्रातले आणि एक श्रावणातले, वर्गापुढे ठेवून पाहावीत. लेखकाने यांतला कोणता ऋतू निवडला, कोणता गाळला आणि का, हा प्रश्न विचारावा. जुन्नर-आंबेगावच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी याची उत्तरे आमच्यापेक्षा चांगली देतील. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी मार्च महिन्यात अंगणात हिरडा वाळत असतो.